कानापर्यंत हात

आमच्या रोटे बेटावर मूल शाळेत घ्यायचं की नाही, हे त्या काळी त्याचा कान ठरवायचा. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, मान सरळ ठेवायची आणि बोटांनी डावा कान धरायचा. कान लागला तर पहिलीत. नाही लागला तर घरी जा, मका खा, पुढच्या जानेवारीत ये. जन्मतारखा कोणाला ठाऊक होत्या? विचारलं तर बायका सांगायच्या, "मोठी डुकरीण मेली ना, त्याच्या पुढल्या सालचा." आता ती डुकरीण कधी मेली हे मास्तरांनी कुठे शोधायचं?

तारखा फक्त माझ्याकडे होत्या. चर्चची बाप्तिस्म्याची वही माझ्या ताब्यात असते. पाळक वर्षातून दोनदा येतो, पण मी मूल जन्मलं की त्याच आठवड्यात जाऊन तारीख टिपून आणतो. लोक मला हिशेबी म्हणतात. आहेच मी. माणूस दारात आला की हा काय द्यायला आलाय आणि काय न्यायला, हे मी आधी मनात मांडून बघतो. माझी धाकटी बहीण ओर्पा म्हणते, "दादा, तू मयतालासुद्धा रडणारे मोजतोस." मोजतो. खरे किती आणि शेजारधर्माचे किती, तेही सांगू शकतो.

ही गोष्ट ओर्पाच्याच घरची. तिचा नवरा मेसाख ताडावर चढणारा. हंगामात सकाळ-संध्याकाळ वीस ताड, आणि उतरवलेल्या नीरेचा पाक करायचं काम ओर्पाचं. थोरला मुलगा ओबेद शिकला. गावात शिकला, मग बाआ गावी, मग समुद्रापलीकडे कुपांगला, आणि तिथल्या कचेरीत चिकटला. एकदा दोन दिवसांसाठी आला होता, तेव्हा पाणी उकळून मागत होता. त्यानंतर दर नाताळला एक पत्र. घरात वाचता कोणालाच येत नाही, म्हणून ते मी वाचायचो. मेसाखला ते सलायचं.

"मेहुणे वाचतात," तो चारचौघांत म्हणायचा, "पण आधी स्वतः हसून घेतात, मग आम्हाला सांगतात. कधी कधी तर हसणं आमच्या वाट्याला येतच नाही."

त्याला घरात वाचणारं माणूस हवं होतं. ओबेदनंतर बारा वर्षांनी झालेली तिरसा शिकेल, चार इयत्ता पुरेत, आणि मुलगी म्हणून घरातच राहील, असं त्याचं गणित. ओर्पाचं गणित वेगळं होतं. चार इयत्ता कोणालाच पुरत नाहीत, हे तिने एकदा पाहिलं होतं.

तिरसा सहा वर्षांची झाली त्या जानेवारीत आम्ही सगळे शाळेत गेलो. आमच्याकडे भाचरांच्या प्रत्येक कामाला मामा लागतो, म्हणून मीही. रिवू मास्तर सावू बेटाचे. सावूची माणसं मूग मोजून शिजवतात असं आम्ही म्हणतो, तेव्हा माझं नि त्यांचं जमायलाच हवं होतं. बाकं वीस, मुलं चाळीस, त्याच्यावर एक नाही.

तिरसाचा हात भांगापाशी थांबला.

"अजून लहान आहे," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी."

"अरेरे," ओर्पा म्हणाली. तोंडाने. डोळे मात्र दुसरंच बोलत होते. परतताना तिने लेकीला पाठंगुळीला घेतलं आणि घरी पोचल्यावर मला पान दोनदा दिलं, त्यावरून मी काय ते समजलो.

"काही बिघडत नाही," मेसाख म्हणाला. "एक वर्ष काय, असं जाईल." आणि लेकीला विचारलं, "काय गं, वाईट वाटलं?"

"मला कशाला? माझा कान कुठे पळून चाललाय?" तिरसा म्हणाली.

दुसऱ्या जानेवारीत शेजारचा येरी, सहा वर्षांना चार महिने कमी, त्याने कान असा धरला की जणू कोणी पिळायच्या आत आपणच पिळावा. तिरसाचा हात भांगाच्या पलीकडे बोटभर गेला आणि अडला. त्या दिवशी मी नीट पाहिलं. दंड आखूड होता, बोटं आखूड होती, डोकं मात्र वयाच्या पुढे गेलेलं. वाढायला उशीर झालेल्या मुलाचा हात तसा दिसत नाही. हा हात त्या कानाला कधीच लागणार नव्हता. मोजायची सवय असलेल्या माणसाला हे दिसतं. आईबापांना दिसत नाही, ते रोज बघतात ना. मी पाहिलं आणि गप्प बसलो. मामा असून.

त्याच दुपारी मेसाख माझ्याकडे आला. "मेहुणे, मास्तर म्हणतात, चर्चचा कागद आणला तर हात बघणार नाही. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी हात. तुमच्या वहीत तारीख आहे ना?"

"आहे. उद्या लिहून देतो."

दिवस मावळायच्या आत ओर्पा आली. पाकाची बाटली घेऊन. द्यायला काहीतरी आणलंय म्हणजे न्यायला मोठं काहीतरी असणार.

"दादा, कागद देऊ नकोस."

"का गं?"

"ओबेद गेला तेव्हा तूच म्हणालास. शाळा मूल घेते आणि पत्र देते."

मी गंमतीत म्हणालो होतो. गंमत माणसं बरोबर जपून ठेवतात.

"नवऱ्याला काय सांगू?"

"सांग काहीही. उंदरांनी खाल्ली वही. एकच वर्ष मागतेय मी, दादा. सकाळी उठले की ती अंगणात दिसते, मागून येते, बडबडते. एक वर्ष. हात काय, वाढेलच तोवर."

इथे मी बोलायला हवं होतं. हात वाढणार नाही, ओर्पा, म्हणून तर कागद हवा. पण तसं म्हणायचं तर तिला लेकीचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणारा मी व्हायला तयार नव्हतो. शिवाय लपवून काय उपयोग, पत्रं वाचायचा माझा मान आणखी एक वर्ष टिकत होता. मेसाखला मी सांगितलं, वही पाळकाने तपासायला बाआला नेलीय. त्याने मान हलवली. त्याने वाचलेलं काहीच नसल्यामुळे वहीबद्दल त्याला फार आदर होता.

तिसरं वर्ष. पोरं आता तिरसाला बुटकी म्हणू लागली होती आणि ती त्यांना उलट शिव्या द्यायला शिकली होती. ओर्पा रोज सकाळी तिचा हात खोबरेल लावून ओढायची, वरून खाली, गाईला पान्हा सोडवावा तशी. मेसाखने वेगळा उपाय काढला. त्याने लेकीला मान हळूच उजवीकडे कलती करायला शिकवलं. दोन आठवडे बापलेक ताडाखाली सराव करत होते. शाळेत तिने मान कलवली, बोटं कानाच्या वरच्या कडेला टेकली, आणि मेसाखच्या तोंडून "लागला!" निघून गेलं.

रिवू मास्तरांनी एक बोट तिच्या हनुवटीखाली घातलं आणि मान सरळ केली. बोटं कानापासून चार अंगुळं वर लोंबत राहिली. सगळी पोरं हसली. मास्तर हसले नाहीत.

"चर्चचा कागद?" त्यांनी विचारलं.

मेसाखने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वही अजून बाआलाच आहे." पहिलं खोटं एकटं राहत नाही, त्याला जोडीदार लागतो.  ओर्पा माझ्याकडे नव्हतीच बघत. ती लेकीच्या हाताकडे बघत होती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला तो दिसत होता.

बाहेर आल्यावर तिने माझी बाही धरली. "वाढेल ना रे, दादा?"

"वाढेल," मी म्हणालो.

त्यानंतर वर्षभर ती कागद मागायला आली नाही. कागद मागणं म्हणजे हात वाढणार नाही हे मानणं, आणि तिला ते मानायला अकरा महिने लागले. मीही आपणहून दिला नाही. वही परत आली म्हटलं की मेसाख विचारणार, कधी आली. हे मी आता सोपं करून लिहितोय. तेव्हा मी एवढाही विचार केला नव्हता. कोणी मागत नाही ते मी देत नाही, इतकंच.

चौथ्या जानेवारीच्या आदल्या दिवशी ओर्पा आली. रिकाम्या हाताने.

"दे कागद."

मी चांगल्या अक्षरात लिहिला. तिरसा, मेसाख व ओर्पा यांची कन्या, जन्म चौदा नोव्हेंबर, आणि साल. खाली चर्चचा शिक्का. माझ्या वहीत आजवर एक आकडा खोडलेला नाही, तेव्हा कागदातही खोडाखोड असायचं कारण नव्हतं. मेसाखला तिनेच सांगितलं की वही आली.

शाळेत ओर्पाने तो कागद दोन्ही हातांनी मास्तरांना दिला. तिरसाने हात वर न्यायला सुरुवात केली तर तिचा हात धरून खाली केला. "आज नाही करायचं. आज कागद आहे."

मास्तरांनी वाचलं. मग बोटांवर मोजलं. मग पुन्हा वाचलं.

"नऊ पूर्ण झाली," ते म्हणाले.

"हो ना!" मेसाख म्हणाला. "म्हणजे लहान नाही. मी चार वर्षं तेच सांगतोय."

"नऊ पूर्ण झालेलं मूल पहिलीत घ्यायचं नाही, असा वरून हुकूम आहे."

मेसाखला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. "मास्तर, हात बघा हवं तर. हाताने ती लहानच आहे."

"हाताने लहान, कागदाने मोठी. दोन्हीकडून मला घेता येत नाही हो." मास्तरांनी कागद घडी करून परत ओर्पापुढे धरला. ती घेईना. "चाळीस जणांची यादी वर जाते. तिच्यात जन्मसाल लिहावं लागतं, आणि ते आता मी वाचलंय."

तिरसा त्यांच्या गुडघ्याशी उभी होती. तिने तोंड वर करून विचारलं, "मग मी बरोबर कधी होते?"

मास्तर खोटं बोलणारा माणूस नव्हता. मला तेवढ्यापुरतं वाटलं, असता तर बरं झालं असतं.

"मागच्या जानेवारीत," ते म्हणाले. "त्याच्या आधीच्याही. तेव्हा हा कागद आणला असता तर."

आम्ही परत निघालो. नदीच्या कोरड्या अंगाला आल्यावर मेसाख थांबला.

"वही बाआला होती ना, मेहुणे?"

मी तोंड उघडलं, पण ओर्पाच आधी म्हणाली, "नव्हती. मी दादाला नको म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी."

मला वाटलं, तो आता हात उगारेल. माझ्यावर उगारला असता तर हिशेबाला धरून झालं असतं. तो दगडावर बसला. स्वतःचे तळपाय अंगठ्याने चाचपू लागला. ताडावर चढून चढून ते लाकडासारखे झालेत.

"पहिल्या वर्षी," तो म्हणाला, "हात नाही लागला तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं."

"ते मला माहीत होतं," ओर्पा म्हणाली. "म्हणून तर मला धीर आला."

तिरसा पुढे गेली होती पण थांबली होती. तिने सगळं ऐकलं. ओर्पाने हात पुढे केला, "ये, पाठीवर घेते." तर ती म्हणाली, "चालते मी," आणि त्या तोकड्या पायांनी चढाला लागली. आम्ही तिघं मोठी माणसं तिच्या मागून, तिच्या चालीने.

घरी मेसाखने मला पान दिलं. सुपारी फोडून दिली. आमच्याकडे भांडण असलं की पान देत नाहीत, म्हणजे भांडण नव्हतं. तो मला मोजतही नव्हता आता.

चौथ्या दिवशी मी पाटी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. जुनीच, माझी, एका कोपऱ्याला तुटलेली. तिरसा डुकरांसाठी केळीचा बुंधा चिरत होती.

"मी शिकवतो तुला," मी म्हणालो. "रोज दुपारी. मामाकडे फी नाही."

तिने सुरी खाली ठेवली नाही. "तुमच्याकडे शिकले तर मला दुसरीत घेतील?"

"नाही."

"तिसरीत?"

"नाही गं. पण पत्रं वाचता येतील. ओबेददादाची."

"तो काय लिहितो?"

मी आठवून बघितलं. तब्येत बरी आहे, तुमची बरी असो, यंदा सुट्टी नाही. पाच नाताळांची पत्रं मी वाचली होती, आणि सगळी मिळून एवढीच निघाली. मी तेच सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ते आईला पाठ आहे," तिरसा म्हणाली.

आत चुलीपाशी ओर्पा होती. तिला ऐकू जात होतं. ती बाहेर येईल, पोरीला रागवेल, पाटी घे म्हणेल, म्हणून मी थोडा थांबलो. चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

तिरसाने चिरलेला बुंधा बादलीत भरला. बादली तिच्या छातीपर्यंत येत होती. मी उचलायला पुढे झालो.

"राहू दे, मामा," ती म्हणाली. "मला येतं हे." आणि दोन्ही हातांनी ती ओढत, मातीत रेघ पाडत, डुकरांकडे घेऊन गेली.