चौथ्या पायरीपर्यंत पाणी

गेल्या वर्षी मे महिन्यात इफ्फतच्या फिल्मला सगळं गाव हसलं. चूक माझी होती, पण हसू तिच्या वाट्याला आलं.

आमचं गाव खाडीच्या काठावर, रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर. इथल्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला आणि मी सुट्टीत मुलांना घेऊन फिल्म करायला लागले. गोष्ट मुलांची, कॅमेरा मुलांच्या हातात, तुकडे जोडायचं कामही मुलांचंच. मी प्रश्न विचारायचे आणि एक वही ठेवायचे. एकाच सीनचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेतले, तर दोन्हींत काय सारखं दिसायला हवं ते त्या वहीत असायचं. शर्ट कुठला, बाही दुमडलेली का, वेणी कुठल्या खांद्यावर, घड्याळात किती वाजले.

पाणी कुठवर होतं, हे मात्र त्यात नव्हतं. मी साताऱ्याकडची. आमच्या विहिरीचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. आणि मुलांना खाडी इतकी रोजची, की ती लिहून ठेवायची गोष्ट आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्यामुळे झालं असं. इफ्फतच्या फिल्ममध्ये एक होडी तुडुंब भरलेल्या खाडीतून निघाली. पुढच्याच शॉटमध्ये काठावरचा मुलगा तिला हात करू लागला, तर त्याच्यामागे नुसता चिखल, चिखलात बगळे आणि कलंडून पडलेल्या होड्या. ही फिल्म आम्ही शाळेच्या पटांगणात पडद्यावर सगळ्या गावाला दाखवत होतो. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते गुलाम रसूल तांडेल, इफ्फतचे नाना, म्हणजे आईचे वडील.

"आरे, दोन मिनिटांत ओहोटी! साठ वर्षं पाण्यात काढली, पण असली ओहोटी नाय बघितली!"

दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला 'ओहोटी' म्हणायला लागली. नळावर गेली की "ओहोटी आली, बादल्या भरून घ्या." एसटीत चढली की "ओहोटी आली, गाडी चिखलात जाणार." इफ्फतने माझ्याकडे यायचं बंद केलं.

मी दोनदा तिच्या घरी गेले. चूक माझ्या वहीत होती, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाई, हसले ते मला." मुलांच्या मागे लागून काही होत नाही, दार उघडं ठेवून बसावं लागतं. मी बसले.

यंदा एप्रिलमध्ये ती आली. नववीची परीक्षा संपली होती. हातात घडी घातलेला कागद होता, त्यावर तिथी आणि वेळा लिहिलेल्या.

"होडीवाल्या धाकूकाकांकडून घेतलं," ती म्हणाली. "तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळी पण आणि संध्याकाळी पण."

"नानांना का नाही विचारलंस? ते तर तांडेल, होडीवरचे मुख्य."

"परत हसले असते."

तिला फिल्म करायची होती. आपल्या खाडीवर पूल झाला आणि माणसं पलीकडे पोचवणारी होडी, म्हणजे 'तर', बंद पडली, त्या तरीची. एकच अट होती. दर शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर जी पाटी धरतात, तिच्यावर सीन आणि टेकच्या खाली तिथी लिहायची.

"आणि बाई, यंदा हसले तर मी कॅमेऱ्याला परत हात लावणार नाय. कधीच नाय."

ती हे धमकी म्हणून बोलत नव्हती. तिने ठरवलेलं होतं.

मंडळी जमली. कॅमेऱ्यावर रितेश, आवाजावर आणि वहीवर मृणाली. तरवाला झाले धाकूकाका, होडीही त्यांचीच. म्हातारी उतारू झाली ताजबी. खाडीतली कालवं काढून गावभर विकणारी ही बाई पाठांतराला पक्की, तोंडाला तिखट. गोष्ट साधी होती. पूल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी टोपली घेऊन धक्क्यावर येते. तरवाला म्हणतो, आता पुलावरून रिक्षा जाते. म्हातारी ऐकत नाही.

वैशाख वद्य एकादशीला, सकाळी सव्वाआठला, आम्ही आमच्या बाजूच्या जुन्या दगडी धक्क्यावर होतो. पाणी चौथ्या पायरीपर्यंत. मृणालीने वहीत लिहिलं. पाटीवर खडूने 'सीन ३, टेक १, एकादशी' उमटलं. आधी लांबून ताजबी पायऱ्या उतरते तो शॉट झाला, मग जवळून तिचं बोलणं. चार टेक झाले. ताजबी म्हणाली, "आता पाचव्यांदा बोलायला लावलंत तर टोपली डोक्यात घालीन." सगळे खुशीत घरी गेले.

दुपारी माझ्या पडवीत फुटेज लावलं. लांबचा शॉट सुंदर होता. त्यापुढे रितेशच्या चपला दिसल्या. मग धाकूकाका "चाय हाय काय रे कुणाकडं?" विचारताना. मग ताजबी ओढणी सारखी करताना. इफ्फतचा आवाज आला, "ॲक्शन," आणि चित्र संपलं. पुन्हा चपला. पुन्हा "ॲक्शन," पुन्हा संपलं. चारही वेळा.

रितेशने उलटं केलं होतं. एकदा बटण जास्तीचं दाबलं गेलं, आणि तिथून पुढे सुरू करायला गेला की कॅमेरा बंद होत होता, बंद करायला गेला की सुरू.

आमच्याकडे एक नियम आहे, वाया गेलेलं फुटेज सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत बघायचं आणि बघताना कुणी कुणाला बोलायचं नाही. आम्ही शेवटपर्यंत बघितलं. ताजबीचं बोलणं म्हणजे फिल्मचा जीव, तेच नव्हतं.

"उद्या घेऊ," रितेश म्हणाला.

"उद्या सव्वाआठला पाणी तिथे नसणार," इफ्फत म्हणाली. "आणि चार दिवसांनी अमावास्या. उधाणाला वरची पायरीसुद्धा बुडेल."

"मग पुढची एकादशी?"

"पंधरा दिवसांनी. शो बाराव्या दिवशी."

शो पुढे नेता येत नव्हता. सुट्टीला आलेल्या मुंबईकरांच्या गाड्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सुटणार होत्या. गेल्या वर्षी हसलेली निम्मी माणसं त्यांत होती, आणि इफ्फतला तीच माणसं समोर हवी होती.

"कधी पण घेऊया गो," रितेश काकुळतीला आला. "नुसतं तोंड तर दिसणार ताजबीचाचीचं. कुणाला कळतंय?"

"सगळ्यांना कळतंय," इफ्फत म्हणाली.

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत असतं तरी दिलं नसतं. मी विचारलं, "नेमकं काय काय जुळायला हवं? एकेक सांगा."

मृणालीने वही उघडली. पाणी चौथ्या पायरीवर. ऊन कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाने, कलतं. होडी हलत नाही, कारण भरती पुरी झालेली. मागे पाणी आणि पलीकडची झाडी.

इफ्फतने तिचा कागद उलगडून तिथींवरून बोट फिरवलं. मग खडू घेऊन जमिनीवर खाडी काढायला लागली.

"सगळ्यांत कमी पाण्याची भरती अष्टमीला. एकादशी तिच्या तीन दिवस पुढे. षष्ठी दोन दिवस मागे. म्हणजे पाण्याची उंची जवळजवळ तीच, बोटभर इकडेतिकडे. षष्ठी शुक्रवारी हाय, शोच्या दोन दिवस आधी. भरती साडेचारला."

"पण संध्याकाळी," मृणाली म्हणाली. "ऊन उलट्या अंगाला येणार."

"या धक्क्यावर उलट्या अंगाला." इफ्फतने खाडीच्या दुसऱ्या काठावर फुली मारली. "तरीचे धक्के दोन होते. पलीकडचा पण असाच दगडी. इथे कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. तिथे दक्षिणेला तोंड करायचं. संध्याकाळचं ऊन उजवीकडूनच येणार."

मी अठ्ठावीस वर्षं दिशा शिकवल्या होत्या. तरी उठून अंगणात गेले, एकदा उत्तरेला तोंड केलं, एकदा दक्षिणेला, हात पसरून बघितले. बरोबर होतं.

षष्ठीच्या दुपारी तीनला आम्ही होडीतून पलीकडे गेलो. गुलाम रसूल नाना त्या दिवशी हातखंब्याला धाकट्या लेकीकडे गेले होते, ते बरंच झालं. पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी निळ्या रंगात क्रिकेटच्या संघाचं नाव रंगवलं होतं. त्यावर मुलांनी जुनं जाळं पसरलं. पायऱ्यांवरचं शेवाळ रितेशने एकट्याने घासलं, कुणाला हात लावू दिला नाही.

साडेचारला पाच मिनिटं कमी असताना पाणी चौथ्या पायरीला लागलं. धाकूकाकांनी नारळाचं एक सोडण, वाळकी साल, पाण्यात टाकलं. ते हळूहळू आत, पुलाच्या बाजूला वाहत होतं.

"हे थांबलं की पाणी थांबलं," ते म्हणाले. "मग आपल्याकडे पंधराएक मिनिटं. पाणी फिरलं की होडी दुसऱ्या अंगाला ओढ घेणार, आणि ते गावात पोरासोरांना पण दिसणार."

सगळे त्या सोडणाकडे बघत उभे. ते गोल फिरलं आणि थांबलं.

"लाल ठिपका दिसतोय!" रितेश ओरडला. तो दिसला म्हणजे कॅमेरा सुरू.

"एवढ्या मोठ्याने नको," मृणाली कानावरचा हेडफोन सावरत म्हणाली.

"मोठ्यानेच सांगणार!"

पहिल्या टेकला पुलावरून एसटीने हॉर्न दिला. दुसऱ्याला ताजबी शब्द विसरली आणि तिने देवाचं नाव घेऊन स्वतःलाच शिवी घातली. इफ्फत तिच्याजवळ गेली, पायरीवर उकिडवी बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. सोडण अजून जागेवर होतं.

तिसऱ्या टेकला ताजबीने टोपली होडीत ठेवली, आणि धाकूकाकांकडे न बघता, पाण्याकडे बघत बोलली, "रिक्षावाल्याला माझं नाव माहीत हाय? तुझ्या तरीत बसले की पलीकडे उतरेपर्यंत मी ताजबी. रिक्षात बसले की नुसती सवारी."

इफ्फत "कट" म्हणायलाच विसरली. धाकूकाकाच शेवटी म्हणाले, "पोरी, सोडण चाललं बघ." ते खरंच समुद्राच्या दिशेने निघालं होतं.

रविवारी सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज झाली, देवळातली आरती झाली, आणि पटांगण भरलं. मुंबईकर खुर्च्यांवर, बाकी गाव चटयांवर. नाना पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. इफ्फत पडद्याच्या बाजूला उभी होती. ती पडदा बघत नव्हती, नानांचं तोंड बघत होती.

ताजबी पायऱ्या उतरायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता बघा हां, पाणी बघा." दोघेतिघे कुजबुजले. तांडेल लोक पुढे सरकून बसले. लांबचा शॉट संपला, जवळचा आला.

हसू आलं नाही. ताजबी बोलली. बायकांच्या बाजूने "खरंय गो बाय" असा आवाज आला. धाकूकाकांनी होडी ढकलली आणि खरी ताजबी चटईवरून ओरडली, "टोपली सांभाळ मेल्या!" संपल्यावर टाळ्या पडल्या, तशा माझ्या शाळेच्या पटांगणात मी कधी ऐकल्या नव्हत्या.

नाना उठले. शेजारच्या मुंबईकराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्याला म्हणतात पाणी. एकादशीची भरती, सकाळची. मी पाटी न बघता सांगतो. एक थेंब इकडचा तिकडे नाय."

इफ्फत पुढे आली. तिचा आवाज आधी बारीक निघाला, मग नीट.

"नाना, अर्धी एकादशीची. अर्धी षष्ठीची, संध्याकाळची. आणि तो धक्का आपला नाय, पलीकडचा."

पटांगणात एकच गलका झाला. "शक्य नाय!" "हाट!" "कुठला शॉट?" नानांनी काठी आपटली.

"परत लाव गो! मी दाखवतो कुठे तो."

परत लावली. या वेळी गोष्ट कुणी बघत नव्हतं, सगळं गाव पायऱ्या मोजत होतं. नाना एका शॉटला ओरडले, "हा! हा षष्ठीचा!"

"नाय नाना, तो एकादशीचा," इफ्फत म्हणाली.

आता गाव हसलं, पण नानांना. नानाही हसले, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग काठी वर करून गप्प केलं सगळ्यांना.

"थांबा. ऊन समजलं मला. पायरी समजली. पण पलीकडून बघितलं की समुद्र दुसऱ्या अंगाला गेला ना? मग होडीने ओढ कशी नाय घेतली?"

"सांगते," इफ्फत म्हणाली. "तिसऱ्यांदा लावते, बघा. रितेश, होडीवर थांबव."

रितेशने चित्र थांबवलं. तिने हातातली पट्टी पडद्यावर टेकवली आणि पाणी कुठे थांबलं होतं ते साठ वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला समजावून सांगायला लागली. मागे काही दिसेना, म्हणून मुंबईकर खुर्च्या सोडून पुढे चटयांवर येऊन बसले. मी थोडी सरकून त्यांना जागा केली.