उंबराखालचं पाणी

कालीबाईने बोटीच्या नाकाला खांदा लावला आणि एका दमात ती चिखलातून पाण्यात लोटली. बोट तरंगताच तीही वर चढली, ओले पाय फळीवर झटकले आणि मशीनची दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन सुरू झालं.

सलाउद्दीनशेठ अजून टेकाडावरच्या घराकडे बघत होते. तिथे पडवीत कालीबाईचा नवरा उदेसिंग खाटेवर बसला होता, प्लास्टरमधला पाय समोर ठेवून. मोहाच्या झाडावरून पडून त्याचा घोटा मोडला होता.

“कालीबाई, तुले जमी ना?” शेठनी विचारलं.

“बाळंतीण बायका मीच लई जास दवाखानाले,” ती म्हणाली. “तुमले ते नुसतं बसनं शे. बसा.”

बोटीत तिसरी होती शेठची मुलगी कहकशाँ. नंदुरबारच्या शाळेत शिकवणारी, पाण्यावर पहिल्यांदाच आलेली. हिवाळ्यात शेठच्या हृदयाची नस उघडावी लागली होती. पोरगी सोबत जाणार असेल तरच मणिबेलीला उदेसिंगकडे जा, नाहीतर घरी बसा, असं अख्तरबानोने नवऱ्याला बजावलं होतं. कहकशाँने गोळ्यांचा डबा मांडीवर घेतला होता आणि एका हाताने बोटीची कड घट्ट धरली होती.

शेठचं तळोद्याला सायकलचं दुकान. गेली नऊ वर्षं मे महिन्यात दुकान भावाच्या ताब्यात देऊन ते चार दिवस गळ टाकायला इथे येत. पहिल्याच वर्षी बोटीच्या अगदी बाजूने एक सोनेरी पाठ वर आली होती आणि पाण्यात विरून गेली होती. महासीर. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मारायचा नव्हता त्यांना तो. एकदा हातात धरायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच. दर वर्षी उदेसिंग त्यांना धरणाच्या मोठ्या खाडीत नेई आणि दर वर्षी परतताना म्हणे, पुढल्या साली नक्की.

कालीबाईनेही बोट आधी मोठ्या खाडीत घातली, कारण शेठनी तिकडेच हात दाखवला. उन्हाळ्याने पाणी खूप खाली गेलं होतं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांना मातकट पट्टा दिसत होता आणि बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे वर आले होते. त्यांच्यामधून ती मशीन मंद करून अशी वळणं घेत गेली, की कहकशाँचा कडेवरचा हात हळूहळू सैल झाला.

नऊ वाजेपर्यंत दोन कटला लागले. शेठनी ते गोणपाटाखाली ठेवले आणि टोपी काढून घाम पुसला.

“महासीर आते या पानीमा ऱ्हायनाच नही वाटस,” ते म्हणाले.

“कोन सांगस?” कालीबाई म्हणाली. “उंबरखाले शे ना.”

“कोनता उंबर?”

“त्या कडावरना. पिकेल फळं पानीमा पडतस. ती खावाले येतस ते.”

“तठे ते खडक शेतस ना पानीमा? उदेसिंग सांगस, बोट फुटी जाई.”

कालीबाईचा मशीनवरचा हात थांबला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उदेसिंगनेच तिला ती जागा दाखवली होती. तिथे खडक नव्हते. दोन बांबू बुडतील एवढं खोल, स्वच्छ पाणी होतं.

 तिने बोट वळवली.

कड्याच्या फटीतून उगवलेला उंबर पाण्यावर वाकला होता. तिने दुरूनच मशीन बंद केलं आणि वल्ह्याने बोट सावलीत आणली. वरून टपकन एक फळ पडलं, पाण्यात वर्तुळ उठलं आणि त्याच क्षणी खालून काहीतरी पिवळं सरकलं. शेठनी ते पाहिलं. त्यांचा हात काठीकडे गेला.

“गळनी कणीक काढा,” कालीबाई म्हणाली. बोटीत पडलेलं एक पिकलं उंबर तिने त्यांच्या हातात ठेवलं. “हाई लावा.”

तिसऱ्यांदा गळ टाकला तेव्हा काठी अर्धी वाकली. काठीवरची चरखी किंचाळत सुटली. शेठ उठून उभे राहिले आणि बोट एका अंगाला कलली.

“बसा!” कालीबाई ओरडली. एवढ्या वर्षांत शेठवर असं कोणी ओरडलं नव्हतं. ते मटकन खाली बसले.

“अब्बा, छोड दो. काट दो धागा,” कहकशाँ म्हणाली. गोळ्यांचा डबा तिने उघडलाच होता.

कालीबाईने शेठच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा लाल होता, पण श्वास नीट चालला होता. ती कहकशाँला म्हणाली, “पोरी, त्यांच्या मागे बस. पाठीला पाठ लाव. ते ओढतील तेव्हा तू टेका दे. घाबरू नको, बोट मी बघते.”

कहकशाँ सरकली आणि वडिलांच्या पाठीला पाठ लावून बसली. मासा कड्याकडे धावला की कालीबाई वल्हं कड्याला टेकवून बोट लांब ठेवी. तो बाहेर धावला की बोट त्याच्या मागे जाऊ देई. शेठना ती अधूनमधून एकच शब्द सांगत होती.

“सोडा.”

मग, “आते खेचा.”

अर्ध्या तासाने मासा बाजूला आला. कालीबाई कमरेपर्यंत वाकली आणि दोन्ही हातांनी तिने त्याला पाण्यातच धरलं. मांडीपेक्षा जाड, घासलेल्या पितळेसारखा. शेठनी गळ काढला, मग ते दोन्ही हात माशाच्या पोटाखाली घालून तसेच राहिले. कहकशाँने मोबाइलवर एक फोटो घेतला. ती रडत होती की हसत होती ते तिलाच कळत नव्हतं.

मासा शेपटी हलवू लागला. शेठनी हात उघडले.

तो दिसेनासा होईपर्यंत ते पाण्याकडे बघत होते. मग एकदम मोठ्याने हसले.

“नऊ वरीस!” ते म्हणाले. “नऊ वरीस तो माले खडक सांगी ऱ्हायना!”

हसू हळूहळू ओसरलं. ते टोपी हातात फिरवत राहिले.

कालीबाईने मशीन सुरू केलं. परतीच्या वाटेवर नवऱ्याला काय काय विचारायचं ते ती मनात जुळवत होती. हा माणूस कोणाला फसवणारा नव्हता. पण मे महिना जवळ आला की तो पडवी सारवायला लावी, शेठची खाट स्वतः आवळे, दिवसातून दोनदा डोंगरावरच्या पायवाटेकडे बघे. शेठ गेले की दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नसे. हे सगळं ती नऊ वर्षं बघत होती. आज तिने ते पहिल्यांदा एकापुढे एक ठेवलं, आणि मशीनचा वेग आपोआप कमी झाला.

टेकाड चढून तिघं पडवीत आले. उदेसिंग खाटेवर सरसावून बसला.

“काय लागनं शेठ?”

मोबाइल हातात घेऊन कहकशाँ पुढे झाली होती.

“दोन कटला,” शेठ म्हणाले. “बस.”

“आनि महासीर?”

“नही ना भो.” शेठ त्याच्या खाटेच्या कडेवर टेकले आणि गुडघे चोळू लागले. “पुढला साले देखूत.”

कहकशाँने वडिलांकडे बघितलं. मग मोबाइल पर्समध्ये टाकला.

“मे महिन्यात मला सुट्टीच असते,” ती म्हणाली. “मीही येईन.”

“येवा, येवा,” उदेसिंग म्हणाला आणि शेठना नीट बसता यावं म्हणून प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला.

कालीबाई अंगणात कटला साफ करायला बसली. तिची साडी कमरेपर्यंत ओली होती, बाह्याही खांद्यापर्यंत. खाडीत गळ टाकून कोणी इतकं भिजत नाही. उदेसिंगची नजर तिच्यावर कितीतरी वेळ खिळून होती.

“कुठं नेलं होतंस त्यांना?” त्याने घरच्या बोलीत, हळूच विचारलं.

“तू नेतोस तिथंच,” ती म्हणाली आणि माशावरून सुरी उलटी ओढली.