ओट्यावर उघडी राहिलेली वही

मला जुनी वही म्हणा, माझी काही हरकत नाही. पण रद्दी म्हणू नका, मित्रांनो. माझ्या पुठ्ठ्याचा कोपरा झिजलाय, शिवण जराशी सैल झालीय आणि मधल्या एका पानावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. तो ठसा कसा उमटला हे ऐकलंत, तर तुम्हीही त्याला डाग म्हणणार नाही.

माझा जन्म विठ्ठलवाडीतल्या एका छोट्याशा बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. तिथे पंढरी नावाचा एक कारागीर होता. घाईच्या वह्यांना पिना मारून तो मोकळा व्हायचा, पण आमच्या गठ्ठ्याला त्याने दोऱ्याने शिवलं. मग जड लोखंडी पाटाखाली दाबून ठेवलं. तेव्हा मी मनातल्या मनात फार कुरकुर केली. हीच शिवण पुढे माझं नशीब काढणार आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

तिथून मी ठाण्याला, नौपाड्यात भगवानकाकांच्या स्टेशनरीच्या दुकानात आले. खालच्या फळीवर मी आणि वरच्या फळीवर एक गुलाबी डायरी. अंगावर सोनेरी अक्षरं, आत जाड गुळगुळीत पानं, पाठीला रेशमी फीत. काय तो तोरा! गिऱ्हाईक आलं की ही आपोआप पुढे सरकल्यासारखी दिसायची आणि काकाही आधी तिलाच हात घालायचे. मला खरंच राग यायचा. आता कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन, पण यायचा.

एके दिवशी दुकानात कल्पिता आली. बरोबर तिची कॉलेजात जाणारी मुलगी सान्वी होती. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावातलं हे आगरी कुटुंब. गावात आता इमारतीच जास्त, पण हळदीचे मांडव अजून पूर्वीसारखेच पडतात, आणि मांडवात मटण आणि तांदळाचे वडे कल्पिताच्या हातचे असले की पंगती उठता उठत नाहीत. ही कल्पिता मात्र गेली काही वर्षं गुडघ्यांनी आणि साखरेने हैराण झालेली. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवी लहान केली. आता जेवण म्हणजे अर्धी वाटी, तीही सावकाश चावून, दिवसातून बऱ्याच वेळा. आणि जे जे पोटात जाईल ते लिहून ठेवायचं, असं आहाराच्या बाईंनी सांगितलेलं. त्या नयन मॅडम. त्यांचा दवाखाना आमच्या दुकानाच्याच वरच्या मजल्यावर.

तर त्या दिवशी कल्पिताने काय निवडलं असेल? अर्थात गुलाबी डायरी. मी खालच्या फळीवरून बघत राहिले.

पुढचं मला त्या डायरीनेच सांगितलं. आम्ही नंतर एकाच घरात, फ्रिजवर शेजारी शेजारी राहिलो, तेव्हा तिचा तोरा बराच उतरला होता. तिच्या प्रत्येक पानावर तीन मोठे चौकोन छापलेले होते: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. खाली एक प्रश्न, 'आज मला कशाने आनंद झाला?' आता कल्पिताचं खाणं तीन चौकोनांत बसणार कसं? सकाळी सातला दोन चमचे, नवाला अर्धं अंडं, अकराला चार घोट ताक. शिवाय डायरी ओट्यावर ठेवली की फटकन मिटायची. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात पेन, मग डायरी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? आठवड्याभरात कल्पिताने ती फ्रिजवर टाकली.

मग सान्वीने आईच्या फोनमध्ये एक अॅप टाकून दिलं. त्याला पिझ्झा ठाऊक होता, पास्ता ठाऊक होता. सुकट लिहिलं की ते म्हणायचं, असा पदार्थ सापडला नाही. कल्पिताने तेही चालवून घेतलं, कारण फोन निदान मिटत तरी नव्हता.

खरी पंचाईत झाली ती मंगळवारची. ऑपरेशनच्या सकाळी कल्पिताची सासू आवडाबाई एकवीरा आईला नवस बोलली होती: सून सुखरूप घरी येऊ दे, ती वर्षभर मंगळवारचा उपवास धरेल. सून सुखरूप घरी आली. मग मंगळवार कोणी धरायचा? सुनेनेच. त्या घरात बोललेला नवस राहिला, तर पुढे घरात साधी ठेच लागली तरी सगळ्यांना तोच आठवतो. कल्पिताने दिवसभर चार घोट चहावर मंगळवार काढला. संध्याकाळी फोन उघडला तर अॅपने हिरवा रंग दाखवला, वरून रंगीत कागदाचे तुकडे उडवले आणि शाबासकी दिली: आज तुम्ही फारच कमी खाल्लंत! कल्पिताला वाटलं, देवीही खूश, फोनही खूश. पुढच्या मंगळवारी तिने चहाही घेतला नाही, आणि त्या हिरव्या रंगासाठी बाकीच्या दिवशीही ती घास कमी करू लागली.

असे काही आठवडे गेले आणि तिचे केस मूठमूठ गळायला लागले. एका सकाळी भाकरी थापता थापता डोळ्यांपुढे अंधार आला आणि हात तव्याला लागला. नवरा सुदेश तिला घेऊन नयन मॅडमकडे धावला. मॅडमनी फोन पाहिला. सगळीकडे हिरवंच हिरवं.

"कमी खाल्लं की हा फोन टाळ्या वाजवतो," मॅडम म्हणाल्या. "कमी खायचं काम आता तुमचं पोटच करतंय, कल्पिताताई. तुम्हाला शिकायचंय ते पुरेसं खायला."

असंच चालू राहिलं तर ॲडमिट करून शिरेतून पोषण द्यावं लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. उपवास तर अजिबात नको. आणि खाली जाऊन एक साधी आखीव वही घ्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझी पाळी आली! कल्पिता हाताला मलमपट्टी बांधून दुकानात उभी. काकांनी सवयीने चकचकीत डायऱ्या पुढे केल्या. या वेळी तिने एकीचंही मुखपृष्ठ पाहिलं नाही. प्रत्येक वही मधोमध उघडायची, काउंटरवर ठेवायची आणि हात सोडायचा. एक मिटली. दुसरी मिटली. तिसरीने हळूच मान टाकली. मग तिने मला उघडलं आणि हात सोडला. मी हलले नाही. पंढरीने दोऱ्याने शिवलेली मी, काउंटरवर सपाट पडून राहिले. "हीच द्या," कल्पिता म्हणाली. काकांनाही नवल वाटलं असावं, कारण त्यांनी मला फडक्याने पुसून दिलं. माझ्यावरची धूळ इतक्या प्रेमाने आजवर कोणी पुसली नव्हती.

नयन मॅडमनी माझ्यावर रकाने आखून दिले: वेळ, काय खाल्लं, किती, पाणी, आणि शेवटचा रकाना 'कसं बसलं'. हा शेवटचा मला फार आवडायचा. त्यात कल्पिता आपल्या शब्दांत लिहायची. 'मुगाचं कढण, छान बसलं.' 'बोंबलाचे दोन तुकडे, सावकाश, बरं वाटलं.' 'घाई केली, छातीत अडकलं.' सुकट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक झाली. मला कशाचाही नकार नव्हता आणि कशाचंही कौतुक नव्हतं. जे होतं ते मी धरून ठेवायचे.

पण मंगळवार आला. मॅडमनी उपवास नको सांगितलंय, हे घरी आवडाबाईला सांगायचं धाडस ना सुदेशला झालं, ना कल्पिताला. सकाळी तिने माझ्यावर तारीख टाकली आणि खाली एकच शब्द लिहिला: उपवास. पुढचे सगळे रकाने रिकामे. मी ओट्यावर उघडी पडून होते आणि काही करू शकत नव्हते. मला कधी नव्हे ते वाईट वाटलं. मिटले असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

दुपारी आवडाबाई पाणी प्यायला ओट्याशी आली. तिला अक्षर लागत नाही, पण भरलेलं पान आणि रिकामं पान तिला कळतं. तिने मागची पानं उलटली. सगळी गच्च भरलेली. मग परत या पानावर आली.

"ह्या पान कोरा कनाला ठेवलास गो?" तिने विचारलं.

कल्पिता भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. तिने मग एकदाचं सगळं सांगितलं. केस कशाने गळतात, हात तव्याला का लागला, मॅडम काय म्हणाल्या. आवडाबाईचा चेहरा उतरला. ज्या घरात पाहुण्याला चौथा वडा वाढल्याशिवाय उठू देत नाहीत, त्या घरात आपली सून आपल्याच नवसापायी उपाशी बसलीय, हे तिला सोसवेना. ती खाली सुनेजवळ बसली.

"नवस मी बोललेली, तू नाय," ती म्हणाली. "मंगलवार मी धरीन. देवीला काय सांगाचा ता मी सांगीन. तू जेव."

मग तिने स्वतः उठून अंडं उकडलं, सोलून सुनेच्या हातात दिलं आणि ती ते संपेपर्यंत समोर बसून राहिली. कल्पिता रडत रडत चावत होती. खाऊन झाल्यावर तिने 'उपवास' या शब्दावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'एक अंडं. आईंनी दिलं. छान बसलं.' मित्रांनो, माझ्या सगळ्या पानांत मला ते पान सर्वांत प्रिय आहे.

तेव्हापासून मंगळवार आवडाबाईचा. तिच्या उपवासात केळं, रताळं, दूध दिवसभर चालूच असतं, त्यामुळे देवी तिच्यावर नाराज असेल असं मला वाटत नाही. कल्पिताची साखर आटोक्यात आली. केस परत येऊ लागले. घरातल्या पुतण्याच्या हळदीला तिने बायकांबरोबर बसून वडे थापले, आणि मटणाचे दोन छोटे तुकडे बाजूला बसून चवीने खाल्ले. पाहुण्याबायका आग्रह करायला आल्या तर आवडाबाई मध्ये उभी. कल्पिताने तिथेच पिशवीतून मला काढलं, मांडीवर उघडलं आणि हळदीच्या हाताने लिहिलं. तोच हा ठसा.

आता माझी पानं संपली आहेत. परवा सासू-सून मिळून भगवानकाकांकडे गेल्या होत्या, मलाही पिशवीतून घेऊन. काकांनी वह्या काढल्या, आणि कल्पिता हात पुढे करणार तोच आवडाबाईने एक वही उचलली, मधोमध उघडली, काउंटरवर ठेवली आणि हात सोडून बघत राहिली.

वही घेताना तुम्हीही हात सोडून बघा, मित्रांनो. आणि तुमच्या घरात कोणाचं पान कोरं दिसलं, तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.