संदेष्ट्याची राख आणि चवळीचा पाला

"एक कीड नाही! शोधा, शोधा! एक जरी सापडली तर हा झगा इथेच उतरवून ठेवीन!"

संदेष्टा झिवानाई गरजला आणि शुवाईच्या सासूबाईंच्या अंगणात जमलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. त्याच्यापुढे चवळीच्या सुक्या पाल्याचं मडकं होतं. परसातला पाला सुकवून ठेवायचा आणि पाऊस येईपर्यंत शेंगदाण्याच्या कुटात शिजवून साझाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खायचा, हे गोक्वेच्या या कापूस पिकवणाऱ्या मुलखात घरोघरी चालतं. फक्त वाळवण्याआधी तो मिठाच्या पाण्यात उकळावा लागतो, नाहीतर पुढे कीड पडते. त्यासाठी लांबून पाणी आणा, लाकडं फोडा. संदेष्ट्याने नेमकं तेच नको म्हणून सांगितलं होतं.

"उकळता कशाला गं आयांनो? सगळा आशीर्वाद पाण्यात जातो! नुसता वाळवा आणि माझी पवित्र राख चोळा."

एका पुडीला एक कोंबडी. कुणाचं पोट बिघडलं की हा म्हणायचा, "पापं बाहेर पडताहेत, पडू द्या," आणि बाया हगवणीलाही आमेन म्हणायच्या! शुवाईला शिसारी यायची. त्यात आणखी एक गंमत. बाकी घरांत महाराजांचा उपास, आणि जेवायला मात्र स्वारी शुवाईकडे, जिने त्याची राख दाराआतही येऊ दिली नव्हती. बायका म्हणत, तिला वळवायला जातो बिचारा.

"तू तेवढी शहाणी," सासूबाई टोमणा मारत. "बस उकळत."

"बसते. पण तुमच्या मडक्यातलं माझ्या तादिवाला देऊ नका, आई."

चार वर्षांची तादिवा दिवसभर आजीच्याच स्वयंपाकघरात. बुधवारी दुपारी तिने मडक्यात हात घातला आणि मूठभर सुका पाला तसाच चघळला. थोड्याच वेळात तोंडातून लाळेच्या धारा, उलट्या, हातपाय लटलट कापताहेत. शुवाईने लेकीला पाठीशी बांधलं आणि दवाखान्याकडे धाव घेतली.

मुचानेता नर्सने पोरीची पापणी वर केली. "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. कापसावर फवारायचं औषध गेलंय पोटात. काय खाल्लं हिने?"

"पाला. पवित्र राखेचा."

"कसली पवित्र! राखेत विष कालवलंय मेल्याने. म्हणून कीड फिरकत नाही." बोलता बोलता तिने सुई टोचलीसुद्धा.

तादिवाने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा शुवाईला रडू फुटलं. मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हलकट माणूस! स्वतःच्या राखेतल्या पाल्याचा एक घासही त्याने कधी तोंडात घातला नव्हता.

रविवारी प्रार्थनेनंतर, सगळ्या गावादेखत, सासूबाई संदेष्ट्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी त्याच्या हातांवर पाणी घातलं. हात धुतल्यावर न जेवता उठणं म्हणजे घराच्या तोंडावर थुंकणं. शुवाईने पुढ्यात शिजवलेल्या पाल्याचं ताट ठेवलं.

"माझा उपास आहे, आई."

"माझ्याकडे गेल्या आठवड्यात दोनदा वाढून घेतलंत की!" शुवाई म्हणाली. "हा पाला आईंच्या मडक्यातला आहे. तुमच्याच आशीर्वादाचा. खा."

"देवाची परीक्षा घेऊ नये!"

"देवाची कोण घेतंय? तुमची घेतेय. एक घास खा!"

त्याने ताट लांब सारलं आणि धुतलेले हात झग्याला पुसले.

"माझी नात मरत होती रे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू आमच्या कोंबड्या खात होतास."

मुचानेता नर्सने त्याची झोळी उपडी केली. चुलीतली राख, कापसाच्या औषधाची फाटकी पिशवी आणि औषधाचा वास दडपायला स्वस्तातलं अत्तर. चमत्कार संपला. पोलीस येईपर्यंत बायकांनी त्याला तिथून हलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीपासून लांब खोल खड्डा खणला. एकेक मडकं त्यात रिकामं होऊ लागलं. वर्षभराची मेहनत मातीत जाताना पाहून एक बाई रडत म्हणाली, "आता पावसापर्यंत खायचं काय गं?"

"माझी मडकी आहेत, वाटून खाऊ," शुवाई म्हणाली. "पण डोकं आपलं आहे ना? ते वापरा. उद्या कुणी चमत्काराची पुडी घेऊन आला, तर आधी त्यालाच चाटायला लावा."