शून्य आसने

खोलीत खुर्ची नाही म्हणजे खोलीत माणूस नाही, आणि माणूसच नाही तर वीज कशाला हवी? हा शोध आमच्या विद्यापीठाच्या ऊर्जाबचत समितीचा. समितीतले बहुतेक सगळे पीएच.डी. उंटावरून शेळ्या हाका बापडे, पण शेळ्या कुठे आहेत ते तरी बघाल की नाही? त्यांनी एक माणूस पाठवला. त्याने इमारतभर फिरून खोल्याखोल्यांतल्या खुर्च्या मोजल्या आणि तळघरातल्या आमच्या फ्रीझरच्या खोलीपुढे लिहिलं, 'शून्य आसने. वापरात नाही.'

अहो, तिथे खुर्ची टाकून कोण बसेल? उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर, त्याची घरघर अशी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हातमोजे घालायचे, हवी ती कुपी काढायची, दार घट्ट लावायचं आणि निघायचं. विभागप्रमुख म्हणून इतकी वर्षं मी त्या खोलीत कधी टेकलेली नाही.

त्या फ्रीझरमध्ये मुंगीची माती होती. मुंगी म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. अंगाने एवढीशी, बोलणं त्याहून कमी, आणि पाठीवर कायम स्वतःपेक्षा मोठं ओझं, म्हणून विभागात तिला सगळे मुंगीच म्हणतात. धरणाचं पाणी चढायच्या आधी तिने नदीचं अख्खं खोरं पालथं घातलं आणि शेताशेतातली माती गोळा केली. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव कोणते राहतात, हा तिचा विषय. तिच्या मामाचा मळाही त्याच खोऱ्यात. मामी म्हणे कपाळावर हात मारून म्हणाली, "लोक भांडीकुंडी हलवतायत आणि ही बया माती भरतेय!" आता ते सगळं पाण्याखाली आहे. मामाच्या मळ्यातली माती जगात एकाच ठिकाणी उरली होती, आमच्या तळघरात.

प्रबंध लिहून झाला होता. बाहेरच्या परीक्षकांनी एकच सांगितलं होतं, एक चाचणी पुन्हा करून दाखवा, की झालं. मुंगीने तारीखसुद्धा ठरवली होती, जोडून आलेल्या सुट्ट्या संपल्या की लगेच.

आणि सुट्ट्यांच्या तोंडावर पत्रक आलं. वापरात नसलेल्या खोल्यांची वीज सुट्टीत बंद. मी तशीच कुलसचिवांकडे गेले. हे गृहस्थ इतके गोड बोलतात की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा.

"मॅडम, तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी सांगून ठेवतो."

"कुणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला."

"तो फ्रीझर बंद पडला तर पोरीचं वाटोळं होईल, साहेब."

"अहो, शब्द दिला ना!"

सुट्ट्या संपल्या. सकाळी मुंगीचा फोन आला, "मॅडम, जरा खाली येता?" तळघरात शांतता. त्या खोलीतली शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. फरशीवर पाणी साचलेलं, फ्रीझरचं दार उघडं, आणि आतून कुबट वास. मुंगी पाण्यात उभी राहून एकेक कुपी उजेडात धरत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

वायरमन आला, तो बिचारा गोरामोरा. "मला कुणी काही बोललं नाही हो मॅडम. यादीत खोली होती, मी बटण पाडलं." त्याला काय बोलणार?

कुलसचिवांना मात्र मी सोडलं नाही. त्यांनी शांतपणे नियम काढला. संशोधनाचे नमुने जपण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. नमुने नाहीत तर चाचणी नाही, चाचणी नाही तर प्रबंध परत.

"वीज तुम्ही तोडलीत ना? मग तेवढं परीक्षकांना लिहून द्या. ते समजून घेतील."

"तसं कसं लिहिता येईल मॅडम? आपलं नाव हरित विद्यापीठाच्या पुरस्कारासाठी गेलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तक्रारीवर तक्रार केली. शेवटी एकदाची कार्यवाही झाली. शिपाई तळघरात एक खुर्ची ठेवून गेला. नवी, फिरती, हातांवर प्लास्टिक तसंच. सोबत निरोप, 'आपली खोली आता वापरात धरली आहे. तक्रार निकाली.'

बैल गेला आणि झोपा केला! मी हसत सुटले, संतापाने माणूस हसतो तशी. मुंगीने ती खुर्ची उचलली.

"अगं, कुठे चाललीस?"

"वर. आज ऊर्जाबचत समितीची बैठक आहे ना?"

तीन जिने ती खुर्ची घेऊन चढली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू द्या मॅडम, मला ओझ्याची सवय आहे." सभागृहाचं दार तिने खांद्याने ढकललं. आत सगळे टेबलाभोवती बसलेले, कुलगुरू मधोमध, त्यांच्या उजव्या हाताला कुलसचिव. मुंगीने खुर्ची बरोबर समोर ठेवली आणि बसली. ही पोर माझ्यासमोरसुद्धा कधी सांगितल्याशिवाय बसली नव्हती.

"हे काय चाललंय?" कुलसचिवांचा गोडवा उतरला.

मी सगळं सांगितलं, आणि आवाज चढवूनच सांगितलं. कुलगुरूंनी मान हलवत ऐकलं आणि ते मोठ्या मायेने म्हणाले, "बेटा, वाईट झालं. पण मातीच ना शेवटी? पुन्हा आण. लागेल ती मुदतवाढ देऊ."

"आणते ना सर," मुंगी म्हणाली. "तेवढं धरणाचं पाणी उपसून द्या."

कुलगुरू कुलसचिवांकडे बघायला लागले, कुलसचिव टेबलाकडे. मग कुणीतरी म्हणालं, विषय पुढच्या बैठकीत घेऊ, आज संपवू या. खुर्च्या सरकल्या. शिपाई दिव्यांच्या बटणांकडे गेला.

"थांबा काका," मुंगी म्हणाली. ती जागची हलली नाही. "मी बसलेय. खुर्ची आहे, खुर्चीत माणूस आहे. नियमाप्रमाणे ही खोली वापरात आहे, दिवे बंद करता येणार नाहीत." मग तिने कुलसचिवांकडे पाहिलं. "'वीज आम्ही तोडली', एवढं एक वाक्य परीक्षकांना लिहा. तोवर मी उठत नाही."

मी भिंतीकडची एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. शिपायाने बटणावरचा हात काढला. एकेक जण पुन्हा खाली बसला आणि कुलगुरूंनी कुलसचिवांपुढे कोरा कागद सरकवला.