तो दिवा तसाच लागतो

थांबता येणं ही माणसाच्या सुसंस्कृतपणाची पहिली खूण आहे. धावायला काय, बैलही धावतो. पण योग्य जागी, योग्य वेळी, कुणाला धक्का न लावता थांबणं फक्त विचारी माणसालाच जमतं. हा विचार सरांच्या मनात पुरता आकाराला आला, तेव्हा त्यांची गाडी शेजाऱ्यांच्या फाटकाला टेकलेली होती आणि ते स्वतः आपल्या दारात, हातात किल्ल्या घेऊन, ती तिथे कशी पोचली ते पाहत उभे होते.

"वीट विसरलात," घरातून आवाज आला.

आवाज त्यांच्या बायकोचा. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वीट म्हणजे अर्धी वीट. ती डिकीत असायची आणि गाडी उभी केली की मागच्या चाकाखाली जायची, कारण घर उतारावर होतं आणि हँडब्रेक नावापुरता होता. तो पार छतापर्यंत ओढला तरी गाडी क्षणभर विचार करी आणि मग निघे. पायाच्या ब्रेकचीही तीच तऱ्हा. पेडल दाबलं की ते लोण्यात सुरी गेल्यासारखं खाली जायचं, आणि गाडी थांबायची ती जणू सरांच्या शब्दाला मान देऊन. वयाने मोठे म्हणून.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी गाडी घेतली, तीही वहिनींच्या थोरल्या भावाकडून. घरातलीच गाडी, त्यामुळे धड पाहताही येईना आणि घासाघीसही करता येईना. पहिल्याच दिवशी, दोघं गाडी घरी आणताना, समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लागला. सरांनी मेहुण्याला फोन केला.

"तो दिवा तसाच लागतो भाऊजी," मेहुणा म्हणाला. "आमच्याकडेही लागायचा. लक्षच देऊ नका."

लक्ष देऊ नका म्हटलेल्या गोष्टीकडे लक्ष न देणं हे तर्कशास्त्राच्या माणसाला अवघड जातं. सरांनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. प्रश्न मिटला.

तसं सगळं चाललंही असतं. वीट होती, देव होता. पण त्या आठवड्यात मुलगी बाळंत झाली. हॉस्पिटल टेकडीवर, जावई परगावी कामाला, आणि रविवारी घरी सोडणार होते. नातीला घरी आणायचं ते आपल्याच गाडीतून, असं सरांनी मनाशी ठरवलेलं होतं. खरं सांगायचं तर गाडी घेतली होती ती याचसाठी. ते कुणाला बोलले नव्हते एवढंच. त्यांनी पायपुसण्या धुतल्या होत्या, सीटवरचे जुने डाग घासले होते आणि मागच्या काचेवरचं मेहुण्याच्या क्रिकेट क्लबचं स्टिकर नखाने खरवडून काढलं होतं.

"बाळ या गाडीत बसणार नाही," बाहेर येऊन फाटकाकडे बघत वहिनी म्हणाल्या. "टॅक्सी सांगा."

"ब्रेक दुरुस्त झाले तर?"

"झाले तर बघू. आणि गाडीला नावं ठेवायची नाहीत हं. दादाकडे होती तेव्हा ती अश्शी थांबायची."

"कशाला धडकून?"

यावर वहिनी आत गेल्या आणि भांडी जोरात वाजली.

मिस्त्रींचं गॅरेज चौकाच्या मागे होतं. मिस्त्री हा अतिशय आत्मविश्वासाचा माणूस. त्यांनी मागची चाकं खोलली, आत डोकावले आणि कपाळाला हात लावला. त्याची काळी छाप कपाळावर तशीच राहिली.

"लायनर जळून कोळसा झालेत सर! केबल ताणलेली. कोणत्या गाढवाने बसवलेत हे?"

"तुम्हीच," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात."

मिस्त्रींनी हात पुसले. "माल वाईट येतो हल्ली," ते म्हणाले.

त्यांनी नवे लायनर, म्हणजे चाकाला घासून ते थांबवणाऱ्या पट्ट्या, घातले, केबल आवळली, ब्रेक ऑइल बदललं, नळ्यांमधली हवा काढली. मग सरांना शेजारी बसवून त्यांनी चौकाला दोन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी असा ब्रेक लावला की सरांचा चष्मा नाकावरून निसटला. हँडब्रेक तर सहा खटक्यांत गाडीला खिळवून टाकायचा. सर तरंगतच घरी आले. संध्याकाळी वहिनींना घेऊन बाजारात जाऊन आले, आणि परतताना पेडल पुन्हा लोण्यात गेलं. मागच्या चाकांपाशी कुणीतरी इस्त्री विसरल्यासारखा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी ती चालवून पाहिली. ब्रेक कडक.

"सर, तुमचा पाय हलका आहे."

"माझा पाय माझ्या जन्मापासून तोच आहे."

"मग बूट बदला."

सरांनी घरी येऊन विचार केला. विचार करण्यावर त्यांचा हात बसलेला होता. ग्रंथालयात जाताना ब्रेक ठीक. गॅरेजात जाताना ठीक. बाजारातून येताना बिघडलेले. हॉस्पिटलातून येताना तर फारच. चढ दोन्हीकडे होता, ऊन दोन्हीकडे होतं. एकेक कारण खोडत गेल्यावर शेवटी एकच गोष्ट उरत होती आणि ती त्यांच्या शेजारी बसायची. तिथे सरांनी विचार करणं थांबवलं. संसार टिकवायचा तर काही निष्कर्ष काढायचे नसतात, नुसते काढता येतात एवढं जाणून असायचं.

तरी जेवताना तोंडून निघून गेलंच.

"मला वाटतं, वजनाचा प्रश्न असावा."

वहिनींचा घास हातातच राहिला. "कुणाच्या?"

"भाजीच्या," सर म्हणाले.

शनिवारी मिस्त्रींनी फर्मान काढलं, बाजाराला जाता तसेच सगळे बसून या. त्यामुळे सर चालवायला, वहिनी शेजारी, मांडीवर पर्स, आणि मागे मध्यभागी मिस्त्री, दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून. टेकडीचा रस्ता धरला. पहिलं वळण आलं. सरांची नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. ते गाडी चालवत तेव्हा परीक्षेला बसल्यासारखे दिसत. दुसरं वळण आलं. मागून मिस्त्रींचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच हळू.

"वहिनी, हात."

"काय झालं हाताला?"

"पर्सखाली काय धरलंय?"

"काही नाही. धरायला काहीतरी लागतं की नाही माणसाला?"

सरांनी गाडी कडेला घेतली. पर्स बाजूला झाली. वहिनींच्या मुठीत हँडब्रेक होता, चांगला तीन खटके वर ओढलेला.

मिस्त्रींनी पुढे वाकून काळी चिकटपट्टी नखाने सोलली. खाली हँडब्रेकचा लाल दिवा निवांत जळत होता.

"म्हणजे हँडब्रेक ओढूनच गाडी पळते," मिस्त्री म्हणाले. "लायनर घासणार, तापणार, जळणार. मग पायाला ब्रेक लागणार नाही."

"मग मी घाबरणार नाही तर काय!" वहिनी म्हणाल्या. "ब्रेक लागत नाही म्हणून तर मी धरते."

"तुम्ही धरता म्हणून ब्रेक लागत नाही."

"आधी काय झालं ते कोण सांगणार?"

प्रश्न तर्कशास्त्राचा होता. दोघांनीही सरांकडे पाहिलं. सरांनी रस्त्याकडे पाहिलं.

"दादाकडे आई बसायची पुढे," वहिनी म्हणाल्या. "तीही अशीच धरायची. मावशीसुद्धा. आमच्याकडे गाडी चालवणारा एक असतो आणि सांभाळणारी एक."

त्या लाल दिव्याची वंशावळ सरांना आता लख्ख दिसली. मेहुणा खोटं बोललेला नव्हता. त्याच्याकडे तो तसाच लागत होता.

मिस्त्रींनी दुपारीच पुन्हा नवे लायनर घातले, केबल बदलली आणि या वेळी गाढव कोण ते विचारलं नाही. चिकटपट्टी परत लावायची नाही असं ठरलं. वहिनींनी कबूल केलं की ब्रेक चांगले आहेत. रविवारी टॅक्सी सांगितली गेली नाही.

टेकडीवरून उतरताना पुढच्या सीटवर दुपट्यांची पिशवी होती, मागे लेक, आणि तिच्या शेजारी वहिनी, मांडीवर बाळ. सर इतके जपून चालवत होते की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून पाहिलं. पेडल पायाखाली घट्ट होतं. दिवा विझलेला होता. आपण नातीला आपल्या गाडीतून घरी नेत आहोत, हे वाक्य सर मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि दर वेळी ते खरंच निघत होतं.

पहिल्या वळणावर बाळ शिंकलं. एवढंसं.

दोन सीटच्या मधून एक हात हळूच पुढे आला, पिशवीला वळसा घालून हँडब्रेकवर विसावला, आणि तीन खटके ऐकू आले. लाल दिवा लागला.

सरांनी आरशात पाहिलं. वहिनींचा दुसरा हात बाळाच्या मानेखाली होता. चेहरा भीतीने आवळलेला, डोळे रस्त्यावर, ओठ मिटलेले. जणू त्याच सगळ्यांना सांभाळून घरी नेत होत्या. सरांनी गिअर खाली घेतला आणि गाडी आणखी हळू केली.

"बाबा," मागून लेक म्हणाली, "तो लाल दिवा कसला लागलाय?"

"तो तसाच लागतो," सर म्हणाले. "लक्ष देऊ नकोस."

घरी पोचल्यावर वहिनी बाळाला घेऊन आत गेल्या. सरांनी डिकी उघडून वीट काढली आणि चाकाखाली लावली.

लायनर पुढच्या महिन्यात पुन्हा बदलावे लागले.