पत्रिकेत न छापलेली आई

महाल भागातल्या एका छापखान्यात गोपिकाबाई भोयर प्रुफं तपासत. नवरा महादेवराव गेल्यावर त्यांनी हे काम धरलं आणि त्यावरच वच्छलेला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मालक नानाजींनी त्यांच्यापुढे कागद ठेवले, त्यांत वच्छलेच्याच लग्नाची पत्रिका होती. मजकूर दीर मनोहररावांनी परस्पर दिला होता.

बाईंनी लाल पेन्सिल उचलली. 'आशिर्वाद'मधली शि दीर्घ केली, 'मुहुर्त'ही सुधारला. निमंत्रक मनोहरराव आणि त्यांची पत्नी. वच्छला ही 'कै. महादेवराव भोयर यांची कन्या'. काका होते, मामा होते, लहान पोरंसुद्धा होती. आई कुठेच नव्हती. बाईंना रडू आलं नाही, रागही नाही. विधवेनं हळदीला लांब बसायचं, ओटी दुसरीनं भरायची, हे त्यांनी मुकाट्यानं मानलंच होतं. त्यांनी दुसरं प्रूफ ओढलं.

संध्याकाळी मनोहरराव आले. नाव राहून गेलं का, एवढंच बाईंनी विचारलं.

"राहिलं नाही वहिनी, मीच नाही टाकलं. शुभकार्याच्या कागदावर विधवेचं नाव चालत नाही."

"आन् मेलेल्या माणसाचं चालते?"

बाईंनी कागद पुढे घेतला आणि 'कै.'च्या आधी खूण करून लिहिलं, 'श्रीमती गोपिकाबाई व'.

"मी जित्ती आहो, भाऊजी. चूक ठेवून मी छापाले देत नाही."

मग माझं नाव काढा, असं मनोहरराव तावातावानं म्हणाले. बाईंनी तीही दुरुस्ती केली.

पत्रिका वाटल्या गेल्या. पारशिवनीहून वराकडच्यांचा निरोप आला की, विधवेचं नाव काढून नवी पत्रिका छापा, नाहीतर सोयरीक मोडली. तेव्हा मात्र बाई खचल्या. नवी छापू म्हणाल्या. वच्छला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुह्यं नाव खोडून मी काहून बोहल्यावर चढू, आई?"

सोयरीक मोडली. मायलेकी त्या दिवशी जेवल्या, त्यांनी भांडी घासली.

सकाळी बाई कामावर गेल्या. नंदनवन वस्तीतले एक गृहस्थ पुतणीच्या लग्नाचा मजकूर घेऊन आले होते. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला.

"पोरीची माय आहे का?"

"आहे न बाई, पण ती..."

बाईंनी त्यांना पुढचं बोलू दिलं नाही. पेन्सिल कागदावर टेकवली.

"नाव सांगा."